एलईडी लवकर का जातो, आणि इतर बल्बांचं काय

काउंटरवर गेलेला एलईडी ठेवून गिऱ्हाईक विचारतं, "खोक्यावर 25,000 तास छापलंय, हा वर्षभरात कसा उडाला?" रोज पाच तास धरले तर ते साडेतेरा वर्षांच्या वर होतात, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

छापलेले तास सहसा आतल्या, उजेड देणाऱ्या चिपचे असतात, तिचा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचे. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज चिपला चालेल अशी करून देणारं आतलं सर्किट. मेलेल्या बल्बची पांढरी टोपी आणि खालची चकती काढली की ड्रायव्हरवरचा छोटा नळकांड्यासारखा भाग, कपॅसिटर, दिसतो. पुष्कळदा त्याचं डोकं फुगलेलं असतं. हा उष्णतेचा मार. म्हणून बाथरूममधल्या बंद काचेच्या गोळ्यात एलईडी फार टिकत नाही. होल्डरची पिन ढिली होऊन आत चरचर येत असेल, तर आधी होल्डर बदला. नाहीतर नवा बल्बही तसाच जाईल.

जुन्या, तारेच्या पिवळ्या बल्बचं आयुष्य साधारण 1,000 तास, म्हणजे रोज पाच तासांनी सहा-सात महिने. धोका त्याच्या तापण्याचा. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तरी ती तडकते. कागदी आकाशकंदिलात 60 वॉटचा पिवळा बल्ब लावूच नका, तिथे एलईडीच हवा. आणि झिरोचा बल्ब नावालाच झिरो! जुना पिवळा झिरो 15 वॉटपर्यंत ओढतो. रात्री नऊ तास जळला तर महिन्याला चार युनिट.

सीएफएल, म्हणजे वाकवलेल्या नळीचा पांढरा बल्ब, आम्ही आता ठेवत नाही. 6,000 ते 10,000 तास चालतो, पण नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. घरात असेल आणि फुटला, तर पोरांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू फिरवू नका, त्यानं पारा पसरतो. पुठ्ठ्यानं काचा उचला, चुरा चिकटपट्टीनं टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळतो, अशी तक्रार बरीच येते. बटणाला इंडिकेटरचा छोटा दिवा नसेल, तर बहुधा ते फेजऐवजी (करंट असलेली तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं असतं. अशा वेळी बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो. वायरमनकडून जोडणी तपासून घ्या, आणि तोवर बल्ब बदलताना मेन स्विच पाडा.