कोरियन स्थलांतरितांच्या मुली : अस्मिता व मानसिक आरोग्य

दक्षिण कोरियातून परदेशी, प्रामुख्याने अमेरिकेत, जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलींची स्वत्वाची जाणीव कशी घडते आणि त्या घडणीचा त्यांच्या मानसिक स्वास्थ्याशी काय संबंध असतो, हा मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि स्थलांतराचा अभ्यास या तिन्ही शाखांनी हाताळलेला विषय आहे. या मुली दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेल्या असतात, असे म्हणून त्यांच्या दुःखाचे स्पष्टीकरण देण्याचा प्रघात आहे. मात्र ते स्पष्टीकरण अपुरे आहे. दोन भाषा आणि दोन रीतिरिवाज यांच्यात वाढल्यामुळे कोणी आजारी पडत नाही. घरातली कोणती कामे मुलीच्या वाट्याला येतात, आईवडिलांच्या त्यागाची परतफेड कोणाकडून अपेक्षिली जाते आणि घराबाहेरचा समाज तिला आपली मानतो की नाही, या प्रश्नांपाशी या विषयाचे मर्म आहे.

अमेरिकेतील कोरियन समाजात पिढ्यांची गणना काटेकोरपणे केली जाते. प्रौढ वयात आलेले ते ‘इल्से’ म्हणजे पहिली पिढी आणि अमेरिकेत जन्मलेले ते ‘इसे’ म्हणजे दुसरी पिढी होय. कोरियात जन्मून बालपणी किंवा पौगंडावस्थेत आलेल्यांना ‘दीड पिढी’ म्हणतात. ही संज्ञा कोरियन वस्तीतच रुळली आणि पुढे इतर स्थलांतरित समाजांच्या अभ्यासातही वापरली जाऊ लागली. दीड पिढीच्या मुलीला मागे सोडलेली शाळा, मैत्रिणी आणि आजी आठवत असतात. दुसऱ्या पिढीच्या मुलीला यांपैकी काहीच आठवत नाही, पण घरात त्यांचाच उल्लेख सतत होत असतो. दोघींचे प्रश्न एका मापाने मोजणे योग्य नाही.

कोरियन स्थलांतराचा आरंभ १३ जानेवारी १९०३ रोजी होनोलुलू बंदरात उतरलेल्या सुमारे शंभर जणांपासून मानला जातो. १९०५ पर्यंत सुमारे सात हजार कोरियन हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी आले आणि १९२४ च्या कायद्याने दार बंद होईपर्यंत सुमारे एक हजार स्त्रिया केवळ छायाचित्रांवरून ठरलेल्या विवाहांनी तेथे पोहोचल्या. कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) अमेरिकी सैनिकांच्या पत्नी, दत्तक दिलेली मुले आणि विद्यार्थी आले. परंतु आजच्या बहुसंख्य मुलींच्या घरांचा इतिहास हे दार पुन्हा उघडणाऱ्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरचा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला तीस हजारांहून अधिक कोरियन अमेरिकेत येत होते. लॉस एंजेलिसचे कोरियाटाउन, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधील फ्लशिंग, न्यू जर्सीतील पॅलिसेड्स पार्क आणि फोर्ट ली, व्हर्जिनियातील ॲनंडेल आणि अलीकडे जॉर्जियातील ग्विनेट काउंटी ही त्यांची ठळक वसतिस्थाने होत. २०२० च्या जनगणनेनुसार, मिश्र वंशाच्या व्यक्ती धरून, कोरियन वंशाच्या अमेरिकनांची संख्या सुमारे वीस लाख आहे.

१९६५ नंतर आलेल्या पिढीतील अनेक पालक कोरियात महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले होते, पण इंग्रजी पुरेशी येत नसल्याने आणि पदव्यांना मान्यता नसल्याने त्यांना शिक्षणाशी सुसंगत नोकऱ्या मिळाल्या नाहीत. त्यामुळे किराणा व भाजीपाल्याची दुकाने, कपड्यांच्या धुलाईची दुकाने, केसांच्या टोपांचा व्यापार आणि नखे सजवण्याची सलून या व्यवसायांत कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने आली. दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले, पगारी नोकर परवडत नसे आणि पत्नीचे बिनपगारी श्रम हा धंद्याचा कणा असे. शाळा सुटली की मुले दुकानात येत. गल्ल्यावर बसणे, माल लावणे, धाकट्या भावंडांकडे पाहणे आणि त्यातूनच गृहपाठ करणे हा अनेकींच्या बालपणाचा नित्यक्रम होता. सामाजिक प्रतिष्ठेत झालेली ही घसरण आईवडिलांनी मुलांसाठी सोसली, ही भावना घरात बोलून दाखवली जावो वा न जावो, ती मुलांपर्यंत पोहोचतेच. शाळेतील गुण, नामांकित विद्यापीठातील प्रवेश आणि प्रतिष्ठित पेशा ही मग मुलीची व्यक्तिगत उद्दिष्टे राहत नाहीत. आईवडिलांच्या वाया गेलेल्या पदव्यांचे मोल वसूल करण्याची ती साधने ठरतात. ‘हाग्वोन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी शिकवण्या कोरियन वस्त्यांत जागोजागी दिसतात, त्यामागे हीच निकड आहे.

याहून कमी दिसणारे काम म्हणजे दुभाषीपण. वीजबिल, विमा, कराची कागदपत्रे, घरमालकाशी वाद, डॉक्टरांनी केलेले निदान आणि स्वतःच्याच शाळेतील पालकसभा या सर्व ठिकाणी मूल आईवडिलांच्या वतीने बोलते. स्थलांतरित कुटुंबांच्या अभ्यासात या कामाला स्वतंत्र स्थान मिळाले असून त्याचे परिणाम एकसुरी नाहीत. ज्या घरी मुलीला आपण उपयोगी पडतो असे वाटते आणि तिच्या मदतीची कदर होते, तेथे आत्मविश्वास आणि आईवडिलांशी जवळीक वाढलेली आढळते. जेथे ते न टाळता येणारे ओझे असते, तेथे चिंता आणि नैराश्याची लक्षणे अधिक दिसतात. आईच्या शरीरातील गाठीविषयी डॉक्टर जे सांगतात ते बारा वर्षांच्या मुलीने आईला सांगायचे, ही घटना भाषांतराची नाही. त्या क्षणी घरातील वडीलधारेपण मुलीकडे आलेले असते. घरी परतल्यावर मात्र तिच्याकडून पुन्हा आज्ञाधारक लेकीचीच अपेक्षा असते. अधिकाराविना आलेली ही जबाबदारी अभ्यासकांनी जितकी गंभीरपणे घेतली आहे, तितकी ती शाळा आणि रुग्णालये यांनी घेतलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

हे काम मुलगेही करतात, तरीही मुलींचा वेगळा विचार करण्यास आधार आहे. कोरियन कुटुंबरचनेवर कन्फ्यूशियन विचाराचा खोल ठसा आहे. वंश पुत्राकडून चालतो, पितरांच्या स्मरणाचे विधी ज्येष्ठ पुत्राकडे असतात आणि लग्न झालेली लेक परकी मानली जाते. पुरुषाला कुटुंबप्रमुख ठरवणारी ‘होजू’ नोंदणीपद्धती २००५ मध्ये घटनाबाह्य ठरून २००८ च्या आरंभी प्रत्यक्षात संपली. पुत्राचा हव्यास इतका तीव्र होता की १९९० मध्ये दक्षिण कोरियात शंभर मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. पुढील दोन दशकांत हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. त्याआधी देश सोडलेल्या पालकांनी आपल्या काळातील कोरिया सोबत नेला आणि मागे राहिलेला देश बदलत असताना तो जुना कोरिया परदेशातील घरांत टिकून राहिला. म्हणूनच सोलमधील समवयस्क चुलतबहिणीपेक्षा लॉस एंजेलिसमधील मुलीवर घरी परतण्याच्या वेळेची, मित्र निवडण्याची आणि कोरियन वर शोधण्याची सक्ती अधिक असल्याचे उलटे चित्र दिसू शकते.

थोरल्या मुलीची, म्हणजे ‘जांगन्यो’ची, स्थिती यात सर्वांत अवघड असते. समोरच्याच्या मनातले न सांगता ओळखण्याच्या कौशल्याला कोरियन भाषेत ‘नुन्ची’ म्हणतात आणि ते मुलींच्या अंगी लहानपणापासून बाणवले जाते. वडिलांचा दिवस कसा गेला हे दार उघडण्याच्या आवाजावरून ओळखणे, आईची चिडचीड आपल्यावर घेऊन धाकट्यांना वाचवणे आणि आपली अडचण कोणाला कळू न देणे, या गुणांचे घरात कौतुक होते. वडीलधाऱ्यांचा मान, कुटुंबाची लाज राखणे आणि स्वतःला आवरणे यांवर भर देणाऱ्या घरगुती संस्कारांना ‘गाजोंग ग्योयुक’ म्हणतात. शिकागो परिसरातील कोरियन कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या समाजकार्य-संशोधक यून्सुन चोई यांनी या संस्कारांचे स्वरूप तपशिलाने मांडले असून, त्यांना सरसकट ‘हुकूमशाही पालकत्व’ म्हणणे चुकीचे आहे हे दाखवले आहे. या घरांत कडक शिस्तीच्या जोडीला खोल माया असते, पण ती शब्दांत न येता कृतीतून येते. शाळेतील मैत्रिणींच्या घरी प्रेम उघडपणे बोलून दाखवले जाते हे पाहणाऱ्या मुलीला स्वतःच्या घरातील माया ओळखायला कित्येकदा वयाची तिशी उजाडते.

देह हा आईलेकींमधील आणखी एक नाजूक विषय आहे. वजन, त्वचा आणि पापण्यांची घडी यांविषयी नातलग स्त्रिया मोकळेपणाने बोलतात आणि ते बोलणे काळजीपोटी असते. शाळेत मात्र तोच चेहरा परका ठरतो. गोऱ्या समाजाचे सौंदर्याचे माप आणि कोरियन समाजाचे सडपातळपणाचे माप या दोहोंना एकाच वेळी उतरण्याची अपेक्षा खाण्याच्या विकारांना पोषक ठरू शकते. कोरियन संगीत आणि मालिका जगभर लोकप्रिय झाल्यापासून तरुण मुलींना आपले कोरियनपण अभिमानाने मिरवता येऊ लागले, तसेच अधिक कठोर असे देहाचे आदर्शही त्यांच्यासमोर आले.

घराबाहेर अस्मितेला दोन परस्परविरोधी साच्यांना तोंड द्यावे लागते. पहिला ‘आदर्श अल्पसंख्याकां’चा साचा. समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांनी १९६६ मध्ये जपानी अमेरिकनांच्या संदर्भात मांडलेली ही कल्पना पुढे सर्व आशियाई वंशीयांना लावण्यात आली. ‘तू हुशार असणारच’ असे शिक्षकांनी गृहीत धरले की मागे पडणारी किंवा खचलेली मुलगी त्यांच्या नजरेस पडत नाही. दुसरा साचा कायमच्या परकेपणाचा. तेथेच जन्मलेल्या मुलीलाही ‘तू मूळची कुठली’ हे पुन्हा पुन्हा विचारले जाते. काहींच्या बाबतीत परकेपण कायदेशीरही असते. लहानपणी आणलेल्या आणि वैध कागदपत्रे नसलेल्या तरुणांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या योजनेत आशियाई देशांपैकी सर्वाधिक लाभार्थी दक्षिण कोरियात जन्मलेले आहेत.

दोन घटनांनी सामूहिक अस्मितेला कलाटणी दिली. २९ एप्रिल १९९२ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांवरील खटल्याच्या निकालानंतर लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली. तीत कोरियन मालकीच्या दोन हजारांहून अधिक दुकानांचे नुकसान झाले आणि त्याची किंमत सुमारे चाळीस कोटी डॉलर होती. ‘सा-इ-गु’ म्हणजे चार-दोन-नऊ (चौथ्या महिन्याची २९ तारीख) या नावाने ही घटना ओळखली जाते. आईवडिलांचे दुकान जळताना पाहिलेल्या मुलींपैकी कित्येक पुढे वकिली, समाजकार्य आणि संशोधन या क्षेत्रांत गेल्या. कोरियन समाजाचा इंग्रजीतील राजकीय आवाज या पिढीने घडवला. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा परिसरातील मसाज केंद्रांवर झालेल्या गोळीबारात आठ जण मारले गेले. त्यांपैकी सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या आणि त्यांतील चौघी कोरियन वंशाच्या होत्या. कष्ट करणाऱ्या, मुले वाढवलेल्या या स्त्रियांत असंख्य मुलींना आपली आई दिसली. आई कामावर सुखरूप असेल का, ही धास्ती त्यानंतर अनेक घरांत उघडपणे बोलली गेली.

मानसिक आरोग्याविषयीच्या आकडेवारीत एक मूलभूत उणीव आहे. २००२–०३ मधील लॅटिनो व आशियाई अमेरिकनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात चिनी, फिलिपिनो आणि व्हिएतनामी हे स्वतंत्र गट होते, तर कोरियनांची गणना भारतीय आणि जपानी वंशीयांसोबत ‘इतर आशियाई’ या गटात झाली. मुलाखतींच्या भाषांत कोरियन नव्हती. म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या माता आपोआप वगळल्या गेल्या. तरीही या सर्वेक्षणाचा एक निष्कर्ष येथे महत्त्वाचा आहे. स्थलांतर करून आलेल्या आशियाई स्त्रियांपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या आशियाई स्त्रियांत मानसिक विकारांचे आयुष्यभरातील प्रमाण अधिक आढळले. आईने भाषा, देश आणि प्रतिष्ठा गमावली, पण अधिक विकार लेकीच्या पिढीत दिसले. याच सर्वेक्षणानुसार वर्षभरात मानसिक आरोग्यासाठी कोणतीही सेवा घेणाऱ्या आशियाई अमेरिकनांचे प्रमाण ८.६ टक्के होते. सर्वसाधारण लोकसंख्येत ते १७.९ टक्के होते. दुसरीकडे, आपल्या वंशाविषयीची स्पष्ट आणि सकारात्मक जाणीव भेदभावाचे घाव काही प्रमाणात सौम्य करते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून ‘कोरियनपण सोडून दिले की ताण संपेल’ हा सल्ला हितकारक नाही.

दुःख सांगण्याची भाषा पिढीगणिक बदलते. वर्षानुवर्षे गिळलेल्या रागातून उद्भवणाऱ्या ‘ह्वाब्योंग’ या विकारात छातीत जळजळ, पोटाच्या वरच्या भागात गोळा, धडधड, निद्रानाश आणि उसासे ही लक्षणे दिसतात. मध्यमवयीन व वयस्क स्त्रियांत तो विशेष आढळतो. १९८३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ केह-मिंग लिन यांनी अमेरिकेतील कोरियन रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले. १९९४ च्या अमेरिकी मानसोपचार निदानसंहितेत संस्कृतिबद्ध विकारांच्या यादीत तो होता. २०१३ च्या आवृत्तीतील यादीत मात्र तो नाही. आई आपले दुःख छातीतल्या जळजळीतून सांगते, तर लेक तेच इंग्रजीत, नैराश्य आणि आघात या शब्दांत मांडते. मुलीने ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हटले की आईला ते आपल्या संगोपनावरील आरोपासारखे ऐकू येते आणि संवाद तेथेच खुंटतो.

मदत शोधण्याचा पहिला टप्पा बहुधा चर्च हा असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू संशोधन केंद्राच्या अहवालानुसार कोरियन अमेरिकनांपैकी ६१ टक्के प्रोटेस्टंट आणि १० टक्के कॅथलिक होते. चर्च मैत्रिणी, भाषा आणि आधार देते; परंतु तेथे सांगितलेली गोष्ट वस्तीभर पसरण्याची भीती असते आणि दुःखाला श्रद्धेची उणीव समजले जाण्याचा धोकाही असतो. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून कोरियन कुटुंबांसाठीच्या सेवासंस्था द्वैभाषिक समुपदेशन आणि कौटुंबिक हिंसेविरुद्ध आधार देत आहेत. समुपदेशकांची पठडीही येथे तपासून पाहावी लागते. आईवडिलांपासून दूर होणे हेच प्रौढत्वाचे लक्षण मानणारा उपचारक अशा मुलीला घराशी नाते तोडण्याकडे ढकलतो. जबाबदाऱ्यांची वाटणी, मर्यादा आखणे आणि शक्य तेथे आईलाही तिच्या भाषेत संवादात आणणे हा मार्ग अधिक फलदायी ठरतो. कोरियातून परदेशी दत्तक दिलेल्या मुलींचा प्रश्न यापासून वेगळा आहे, कारण त्यांच्या घरात कोरियन आईच नसते.

अमेरिकेबाहेरची उदाहरणे परिस्थितीचे महत्त्व स्पष्ट करतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत दहा हजारांहून अधिक कोरियन परिचारिका पश्चिम जर्मनीत कामाला गेल्या. तेथे स्थायिक झालेल्यांच्या मुलींनी आई पगार मिळवताना आणि रुग्णालयात जर्मन बोलताना पाहिली, त्यामुळे अमेरिकेतील दुकानदारांच्या मुलींना करावे लागले तितके दुभाषीपण त्यांच्या वाट्याला सहसा आले नाही. वंशभेद मात्र त्यांनाही चुकला नाही. कोरिया जपानची वसाहत होता त्या काळापासून जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन कुटुंबांच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या जपानी बोलत आल्या आहेत आणि त्यांच्यापुढील प्रश्न भाषेचा नसून कोरियन नाव उघडपणे वापरायचे की जपानी नावाआड राहायचे हा आहे.