कापडाची फोम मशीन आणि जाळीची फोम मशीन: दिसायला सारखी, चालायला वेगळी

कमी खर्चात घरच्या घरी फोम मशीन, म्हणजे मुलांच्या खेळासाठी साबणाच्या फेसाचा ढीग करणारे यंत्र, बनवू पाहणारा माणूस बहुधा दोन-चार चित्रफिती पाहतो, एकीतून पंखा उचलतो, दुसरीतून कापड, तिसरीतून साबणाचे प्रमाण, आणि सगळे जोडून झाल्यावर नळकांड्याच्या तोंडातून फेस येण्याऐवजी साबणाचे पाणी ठिबकत राहते. त्याच्या हातात कसब नसते असे नाही. ‘फोम मशीन’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी यंत्रे वावरतात आणि त्याने नकळत एकीचे भाग दुसरीला बसवलेले असतात. एका यंत्रात हवा ओल्या कापडातून दाबून बाहेर काढली जाते, तर दुसऱ्यात साबणाच्या पाण्याने भिजलेल्या जाळीवर मागून वारा सोडला जातो. हा फरक सुरुवातीलाच नीट समजून घेतला, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

कापडाच्या मशीनची रचना अगदी साधी असते. ब्लोअरला एक रुंद नळी जोडायची, तिच्या दुसऱ्या तोंडावर सुती कापड, जुना टॉवेल किंवा जाड मोजा ताणून घट्ट बांधायचा आणि त्या कापडावर साबणाचे द्रावण सतत पडत राहील अशी सोय करायची. त्यासाठी पंपाचीही गरज नसते. उंचावर ठेवलेली, तळाला तोटी असलेली बादली पुरते, कारण द्रावण केवळ वजनाने खाली येते. कापडाच्या धाग्यांमधील असंख्य बारीक छिद्रांतून हवा बाहेर पडताना प्रत्येक छिद्रावर एक चिमुकला बुडबुडा तयार होतो, आणि असे बुडबुडे एकमेकांना चिकटून जाड दोरासारखा, दाट, पांढराशुभ्र फेस बाहेर सरकू लागतो. येथे एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे नळीचे कापडाकडील तोंड ब्लोअरपेक्षा खालच्या पातळीवर असले पाहिजे. नाही तर जास्तीचे द्रावण नळीतून उलटे वाहत थेट मोटरीत शिरते.

जाळीच्या मशीनमध्ये फवारा, जाळी आणि पंखा अशी तीन अंगे असतात. पंख्यासमोर रुंद चौकटीत डासांच्या जाळीसारखी जाळी ताणलेली असते, पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नोझल असते, आणि त्यातून उडणारे तुषार जाळीच्या प्रत्येक घरावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरतात. मागून येणारा वारा तो पडदा फुगवतो, बुडबुडा सुटतो आणि मागोमाग नवा पडदा धरला जातो. खाणीतील आग विझवण्यासाठी किंवा मोठी गोदामे फेसाने भरून टाकण्यासाठी जी यंत्रे वापरतात, त्यांचे तत्त्वही हेच आहे. अग्निशमनात फेस द्रावणाच्या किती पट फुगतो यावरून त्याचे वर्ग पाडतात: २० पटींपर्यंत कमी, २० ते २०० पटींपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च. जाळीची चांगली जुळवलेली मशीन वरच्या वर्गांकडे झुकते, तर कापडाच्या मशीनचा फेस त्या मानाने बराच ओला असतो.

आता मुख्य मुद्दा. ओले कापड हवेला मोठा अडथळा करते, म्हणून त्याला दाब निर्माण करणारा ब्लोअर लागतो, म्हणजे पालापाचोळा उडवण्याच्या यंत्रात असतो तसा, चाकाच्या पात्यांनी हवा बाहेरच्या बाजूला फेकून ती अरुंद तोंडातून सोडणारा. टेबलावरचा साधा पंखा पुष्कळ हवा हलवतो खरा, पण त्याला दाब जवळजवळ निर्माण करता येत नाही. समोर ओले कापड येताच त्याची हवा पात्यांच्या कडांवरून मागे फिरते आणि कापड कोरडे होईपर्यंत काहीच घडत नाही. उलट जाळी हवेला फारसा विरोध करत नाही, त्यामुळे तेथे साधा, मोठ्या पात्यांचा पंखाच योग्य ठरतो. जाळीसमोर जोरदार ब्लोअर ठेवला, तर हवेच्या झोताखाली आलेल्या घरांवरचे पडदे फुगण्याआधीच फाटतात आणि फेसाऐवजी साबणाचे तुषार पाहुण्यांच्या अंगावर उडतात, तर झोताबाहेरच्या भागातून द्रावण नुसते गळत राहते. थोडक्यात, कापडाला दाब हवा आणि जाळीला हवेचा रुंद, मंद, सर्वत्र सारखा प्रवाह. माझ्या पाहण्यात घरगुती यंत्रे फसण्याचे सर्वांत मोठे कारण हीच उलटापालट असते, आणि लोक मात्र दोष साबणाला देत राहतात.

दोन्ही फेसांचा स्वभावही वेगळा असतो. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की कोरड्या फेसात तीन-तीन पडदे परस्परांशी १२० अंशांचा कोन करून एका कडेवर मिळतात. फेसातील बहुतेक पाणी या कडांमध्ये असते आणि तेथूनच ते हळूहळू खाली झिरपते. पडदे पातळ होतात, फुटतात आणि ढीग बसू लागतो. जाळीच्या फेसात मुळातच पाणी कमी असल्याने तो हलका आणि भव्य दिसतो, पण वाऱ्याने सहज उडून जातो. कापडाचा फेस जड असतो, जागेवर राहतो, हातात घेऊन खेळता येतो.

वजनाचा आणि द्रावणाचा हिशेब येथे उपयोगी पडतो. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असा फेस हवा असेल, तर आकारमान ८ घनमीटर, म्हणजे ८००० लिटर होते. फेस ५० पट फुगत असेल तर त्यासाठी १६० लिटर द्रावण लागेल; २०० पट फुगत असेल तर ४० लिटर पुरेल. पहिल्या फेसाचा एक घनमीटर सुमारे २० किलो भरेल, दुसऱ्याचा सुमारे ५ किलो. शिवाय फेस तयार होत असतानाच खालचा फेस बसत असतो, म्हणून प्रत्यक्षात या आकड्यांपेक्षा पुष्कळ जास्त द्रावण हाताशी ठेवावे लागते. मोठे अंगण भरायचे असेल तर जाळी, आणि पाच-सहा मुलांसाठी एका कोपऱ्यात ढीग हवा असेल तर कापड, हा निष्कर्ष याच आकड्यांतून निघतो.

द्रावणाच्या बाबतीत दोन्ही यंत्रांना एकच कसोटी लावता येते. एक भाग सौम्य बेबी शाम्पू आणि वीस भाग पाणी येथून सुरुवात करावी, पारदर्शक बाटली अर्धी भरून जोरात हलवावी आणि खाली पाणी किती वेगाने साचते ते पाहावे. फार लवकर साचत असेल तर शाम्पू थोडा थोडा वाढवावा. थोडे ग्लिसरीन घातल्यास पाण्याचे बाष्पीभवन आणि झिरपणे मंदावते. भांडी घासण्याचा साबण स्वस्त पडतो आणि फेसही भरपूर देतो, परंतु तो डोळ्यांना झोंबतो आणि त्वचा कोरडी करतो, म्हणून मुलांसाठी तो मला मान्य नाही. अग्निशमनाचे फोम तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण त्यांच्या काही प्रकारांत निसर्गात विघटन न होणारी फ्लोरिनयुक्त रसायने असतात. जाळीच्या मशीनसाठी हाताने दाब देण्याचा फवारणी पंप घेताना तो नवाच घ्यावा. पूर्वी कीटकनाशक भरलेला पंप कितीही वेळा धुतला तरी या कामासाठी चालणार नाही.

विजेच्या दृष्टीनेही दोघींत फरक आहे. कापडाच्या मशीनमध्ये लांब नळीमुळे ब्लोअर ओल्या जागेपासून दूर, कोरड्या उंचवट्यावर ठेवता येतो. जाळीच्या मशीनमध्ये पंखा, फवारा आणि पाणी हातभर अंतरात एकत्र येतात, त्यामुळे तेथे बॅटरीवर चालणारा पंखा असावा हे माझे ठाम मत आहे. थेट विजेवर चालणारे कोणतेही उपकरण वापरायचे असेल, तर त्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी असलाच पाहिजे आणि वायरींचे जोड फेसाच्या वाटेत येता कामा नयेत. पेट्रोलवर चालणारा ब्लोअर बंदिस्त जागेत लावू नये, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

फेस कोणत्याही मशीनचा असो, त्याची उंची सर्वांत लहान मुलाच्या कमरेच्या वर जाऊ देऊ नये, कारण फेसात पडलेले मूल वरून दिसत नाही आणि फेसाखाली त्याला श्वास घेणे कठीण जाते. एका मोठ्या माणसाने इतर कोणतेही काम न करता केवळ मुलांकडे लक्ष ठेवावे. गुळगुळीत फरशीऐवजी गवत निवडावे.

पहिल्यांदाच बनवणाऱ्याने कापडाचीच मशीन करावी असे मी सुचवीन. तिला भाग कमी लागतात, वीज पाण्यापासून लांब राहते आणि बिघाड डोळ्यांना दिसतो: कापड कोरडे पडले तर तोटी थोडी उघडायची, पाणी ठिबकू लागले तर बंद करायची. काम झाल्यावर कापड साध्या पाण्यात खळखळून धुऊन पूर्ण वाळवावे, आणि उरलेले द्रावण तळ्यात किंवा ओढ्यात न ओतता सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे, कारण फेस आणणारे रसायन माशांच्या कल्ल्यांना इजा करते.