मालीचे २०१२ : उत्तरेतील बंड, बामाकोतील उठाव आणि त्यांची मुळे

२२ मार्च २०१२ रोजी पहाटे पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर गणवेशातील सैनिक दिसले. राज्यघटना स्थगित झाली आहे आणि सत्ता कॅप्टन अमादू सानोगो यांच्या समितीने हाती घेतली आहे, असे त्यांनी जाहीर केले. राष्ट्राध्यक्ष अमादू तुमानी तुरे यांना उत्तरेतील बंड निपटता आले नाही, हे कारण दिले गेले. वास्तविक २९ एप्रिलला अध्यक्षपदाची निवडणूक ठरलेली होती. दोन कार्यकाळ पूर्ण झाल्यामुळे तुरे त्यात उमेदवारही नव्हते. ज्या युद्धाच्या नावाने हा उठाव झाला, ते युद्ध त्यानंतर दहा दिवसांत हातचे गेले. ३० मार्चला किदाल, ३१ मार्चला गाओ आणि १ एप्रिलला टिंबक्टू ही उत्तरेतली शहरे पडली.

या पडझडीचे खापर सहसा लिबियावर फोडले जाते. लिबियाचे हुकूमशहा गद्दाफी गेले, शस्त्रे वाळवंटात आली आणि माली कोसळला, असा तो सरळ हिशेब आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. शस्त्रे लिबियातून आली, भांडण मात्र मालीतच ५० वर्षे मुरत होते.

माली १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. देशाचा उत्तरेकडचा सुमारे दोन तृतीयांश भाग सहारा आणि त्याच्या काठाचा आहे. लोकसंख्येचा जेमतेम दहावा हिस्सा तिथे राहतो आणि सत्ता दूर दक्षिणेत, राजधानी बामाकोत आहे. किदाल भागातील तुआरेगांचे, म्हणजे सहारातल्या भटक्या पशुपालकांचे, पहिले बंड १९६२ ते १९६४ या काळात झाले. मोदिबो केइता यांच्या सरकारने ते कठोरपणे चिरडले आणि त्यानंतर किदाल भाग लष्करी अंमलाखाली राहिला. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या दुष्काळांनी गुरेढोरे मेली. हजारो तरुण अल्जीरिया आणि लिबियात गेले. त्यातले बरेच गद्दाफींच्या लष्करी दलात शिरले आणि लढणे शिकून आले. १९९० चे दुसरे बंड याच पिढीने उभारले आणि त्याचे नेतृत्व इयाद अग घाली यांच्याकडे होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

सरकार आणि या बंडखोरांमधला एप्रिल १९९२ चा राष्ट्रीय करार नीट पाहायला हवा, कारण २०१२ ची मोडतोड त्याच्या कलमांत दडलेली आहे. बंडखोरांना सैन्यात, पोलिसांत आणि नागरी नोकऱ्यांत घ्यायचे, उत्तरेतल्या लष्करी छावण्या कमी करायच्या आणि तिथल्या विकासावर खास खर्च करायचा, असे ठरले. मार्च १९९६ मध्ये टिंबक्टूत सुमारे ३,००० बंदुका जाहीरपणे जाळण्यात आल्या. सैन्यभरती झाली, पण ती जशीच्या तशी. टोळीतले नाते तुकडीत तसेच राहिले. एकाच कुळातले लोक एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली, आपल्याच मुलखात तैनात झाले. शेजारच्या सोंघाय समाजात तर ‘बंदूक उचलली की नोकरी मिळते’ असा अर्थ काढला गेला. २००६ मध्ये पुन्हा बंड झाले, अल्जीयर्समध्ये पुन्हा करार झाला आणि त्यातही छावण्या कमी करण्याचे कलम आले. २०११ मध्ये तुरे सरकारने उत्तरेसाठी विकासाचा मोठा कार्यक्रम काढला. त्यात आधी उभ्या राहिल्या त्या सैन्याच्या नव्या चौक्या. किदालमध्ये याचा अर्थ ‘दिलेला शब्द फिरवला’ असाच लावला गेला.

याच काळात उत्तरेत आणखी एक सत्ता रुजली. अल्जीरियाच्या यादवीतून निघालेला जिहादी गट २००३ मध्ये युरोपीय पर्यटकांना ओलीस घेऊन मालीच्या वाळवंटात आला. २००७ पासून तो ‘इस्लामी मगरीबमधील अल-कायदा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. खंडणीच्या पैशातून त्याने स्थानिक कुटुंबांशी सोयरिकी आणि व्यापार जोडला. नोव्हेंबर २००९ मध्ये गाओच्या उत्तरेला तार्किंत भागात एका जळालेल्या बोइंग विमानाचा सांगाडा सापडला. ते दक्षिण अमेरिकेतून कोकेन घेऊन आले होते. एवढे मोठे विमान वाळवंटात उतरते आणि माल गायब होतो, हे वरच्यांच्या आशीर्वादाशिवाय घडत नाही, अशीच सामान्य मालीकरांची समजूत झाली. सैनिकांचा आपल्या सेनापतींवरचा विश्वास उडाला, तो अशा गोष्टींमुळे.

ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारले गेले, तोवर लिबियाच्या सैन्यातले तुआरेग आपली वाहने आणि जड मशीनगन घेऊन परतू लागले होते. त्यांच्यात कर्नल मोहम्मद अग नाजिम होते. त्याच महिन्यात ‘अझावाद राष्ट्रीय मुक्ती चळवळ’ म्हणजे एमएनएलए स्थापन झाली. अझावाद हे बंडखोरांनी उत्तर मालीला दिलेले नाव. इयाद अग घाली यांना तिथे नेतृत्व मिळाले नाही. त्यांनी ‘अन्सार दिन’ हा स्वतःचा, शरिया राज्य मागणारा गट काढला.

१७ जानेवारी २०१२ रोजी एमएनएलएने उत्तरेतल्या मेनाकावर हल्ला केला. एका आठवड्यात आगेलहोकची छावणी पडली. तिथल्या सैनिकांचा दारूगोळा संपला होता आणि हाती लागलेल्या अनेकांना ठार करण्यात आले. मृतदेहांची छायाचित्रे बामाकोत पोहोचली, तेव्हा २ फेब्रुवारीला सैनिकांच्या बायका बामाकोजवळच्या काती छावणीतून थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेल्या. नवऱ्यांना पुरेशी शस्त्रे न देता का पाठवता, हा त्यांचा प्रश्न होता. तेसालितमध्ये वेढा पडला, तेव्हा मदतीच्या तुकड्या पोहोचू शकल्या नाहीत. एका अमेरिकी विमानाने वरून अन्न टाकले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीही छावणी सोडावी लागली.

काती बामाकोपासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. २१ मार्चला संरक्षणमंत्री तिथे समजूत काढायला गेले आणि दगडफेक झाली. सैनिकांनी शस्त्रागार फोडले आणि संध्याकाळी ते राजधानीत शिरले. हा आखीव कट नव्हता, भडकलेली छावणी होती. तिला योजना नसल्यामुळेच पुढचे नुकसान झाले. वरिष्ठ अधिकारी अटकेत गेले, हुकमाची साखळी तुटली आणि उत्तरेतल्या तुकड्यांना कोणाचा आदेश मानायचा हेच कळेना. १९९० च्या दशकात सामावून घेतलेले अनेक तुआरेग अधिकारी आपल्या माणसांसह बंडखोरांकडे गेले. अपवाद कर्नल अल-हाजी अग गामू यांचा. त्यांनी एमएनएलएत सामील झाल्याचे जाहीर केले, आपली कित्येकशे माणसे या हुलीवर बाहेर काढली आणि ती नायजरमध्ये नेली.

तिकडे इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने नाकेबंदी केली. मालीला समुद्रकिनारा नाही. इंधन आणि माल डकार आणि आबिजानच्या बंदरांतून येतो. शिवाय चलन सीएफए फ्रँक, त्याची मध्यवर्ती बँक डकारमध्ये. सीमा बंद आणि खाते गोठवले, म्हणजे पगारालाही पैसे नाहीत. ६ एप्रिलला सानोगोंच्या समितीने सत्ता सोडण्याचा करार केला. ८ तारखेला तुरे यांनी राजीनामा दिला आणि १२ तारखेला दिओनकुंदा त्राओरे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. पण बंदूक कातीतच राहिली. एप्रिलच्या अखेरीस ‘लाल टोप्या’ म्हणजे पॅराशूट तुकडीचा प्रतिउठाव फसला. २१ मे रोजी जमावाने खुद्द त्राओरे यांना त्यांच्या कार्यालयात घुसून मारहाण केली.

उत्तरेत ६ एप्रिललाच एमएनएलएने ‘अझावाद’ स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते. कोणत्याही देशाने मान्यता दिली नाही. गाओ मुख्यतः सोंघायांचे शहर आहे आणि तिथे एमएनएलएच्या लोकांनी लूट केली, बलात्कारही झाले. जूनच्या अखेरीस एका नगरसेवकाच्या हत्येविरुद्ध शहर रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी मुजाओ या जिहादी गटाने एमएनएलएला शहरातून हाकलले. राष्ट्रवाद्यांनी उघडलेल्या दारातून आत आलेले जिहादी आता घरमालक झाले.

टिंबक्टूत ३० जूनपासून अन्सार दिनच्या माणसांनी कुदळी आणि पहारींनी संतांच्या कबरींवरील मातीच्या इमारती पाडल्या. सिदी याह्या मशिदीचा एक दरवाजा, जो जगाच्या अंतापर्यंत बंद राहील अशी श्रद्धा होती, तोही २ जुलैला फोडला. या कबरींची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या गावातले गवंडी करत आले होते, म्हणूनच २०१५ पर्यंत त्या पुन्हा उभ्या राहू शकल्या. शहरातल्या ग्रंथसंग्रहांतील हस्तलिखिते त्या काळात पत्र्याच्या पेट्यांत भरून गुपचूप बामाकोला हलवली गेली.

वर्ष संपताना ११ डिसेंबरला पंतप्रधान शेख मोदिबो दियारा यांना सैनिकांनी पकडून राजीनामा द्यायला लावले. २० डिसेंबरला सुरक्षा परिषदेने आफ्रिकी सैन्य पाठवायला मंजुरी दिली, पण ते लगेच येणार नव्हते. जिहादी थांबले नाहीत. १० जानेवारी २०१३ रोजी त्यांनी मध्य मालीतले कोन्ना घेतले. तिथून मोप्ती आणि सेवारेचा विमानतळ जवळ होता. तो गेला असता, तर बाहेरची कोणतीही कुमक उतरवणे अवघड होते. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने हल्ले सुरू केले आणि जानेवारी संपण्याआधी गाओ व टिंबक्टू परत मिळाले. किदालमध्ये मात्र फ्रेंच सैन्य मालीच्या सैन्याला सोबत न घेता शिरले. २०१५ च्या अल्जीयर्स करारात बंडखोरांच्या सैन्यभरतीचे कलम पुन्हा आले. २०२० मध्ये काती छावणीतून पुन्हा सत्ता उलथली. नव्या सत्ताधाऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये किदाल ताब्यात घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो करार संपल्याचे जाहीर केले.