खुंट्यांची पट्टी की हुकांची पट्टी?

सुताराला "कपडे टांगायला भिंतीवर एक पट्टी करून द्या" म्हटलं, की तो विचारतो, "खुंट्या लावू की हूक?" आपण सांगतो, "काहीही लावा, कपडेच तर अडकवायचेत." हेच उत्तर मीही दिलं होतं. पट्टीवर हूक आले आणि वर्षभरात घरातल्या तीन टॉवेलांचे धागे ओढले गेले.

सोलापुरात कोट टांगायचा प्रश्न फारसा येत नाही. इथल्या पट्टीवर टॉवेल, चादर, शर्ट, शाळेची दप्तरं आणि डब्याची पिशवी असते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. टेरी टॉवेलाच्या अंगभर सुताचे बारीक फासे असतात, पाणी शोषतात ते हेच फासे. हुकाच्या टोकावर जराशी कुस (बोचरी कड) राहिली, तरी त्यात फासा अडकतो, आणि घाईत टॉवेल ओढला की लांब धागा बाहेर येतो. शिवाय ओल्या टॉवेलाखाली लोखंडी हूक गंजतो आणि पांढऱ्या कापडावर तांबूस डाग पडतो, तो धुऊन सहजासहजी जात नाही.

दोन्हींत मूळ फरक आहे तो कपड्याला धरण्याचा. हूक कपड्याला एका बिंदूवर धरतो, म्हणून त्याला काही तरी अडकवायला लागतं: शर्टाच्या कॉलरमागचा लूप, पिशवीचा बंद, किल्ल्यांची कडी. खुंटी गोल आणि जाड असते, कपडा तिच्या अंगावर पसरतो. जाड चादरीला लूप नसतोच. हुकावर तिच्या मधोमध टोक उमटतं, खुंटीवर ती नुसती विसावते. दप्तराचा रुंद पट्टाही खुंटीवर चांगला बसतो.

मग सगळीकडे खुंट्याच लावाव्यात का? नाही, कारण खुंटी जागा खाते. हूक भिंतीपासून दीड-दोन इंच पुढे येतो, खुंटी चांगली साडेतीन-चार इंच. आणि वजन तेवढंच असलं तरी ते भिंतीपासून जितकं लांब, तितकी पट्टी वरून सुटायला बघते. दोन किलोची पिशवी ४ सेंटीमीटरवर टांगली तर जी ओढ बसते, ती ८ सेंटीमीटरवर दुप्पट होते. पट्टी खालच्या कडेवर टेकून वरून उचकटते, म्हणून स्क्रू फळीच्या वरच्या बाजूला घ्यायचे आणि फळी किमान चार इंच उंच ठेवायची. हुकांना तीन इंचांची फळीही चालून जाते.

हुकांची पट्टी करणं सोपं आहे. १८ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर हूक, आणि मागून बाहेर येणार नाहीत इतके आखूड स्क्रू. खुंटीला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि माझं मन तिच्यातच जास्त रमतं.

खुंटी सागवानाच्या तुकड्यातून काढावी आणि लाकडाचे रेषे तिच्या लांबीने जावेत. रेषे आडवे गेले तर पहिल्याच भरल्या दप्तराला ती मोडते. फळी एक इंच जाड, भोक पाच सुतांचं (म्हणजे ५/८ इंचाचं), दोन खुंट्यांमध्ये सहा इंच अंतर. भोक सरळ पाडायचं नाही. खुंटीचं टोक किंचित वर, पाच-सात अंश, राहील असं पाडायचं. फळीखाली तिरका ठोकळा ठेवला की ड्रिल सरळ धरूनही हा कोन मिळतो. त्यामुळे कपडा घसरून पडत नाही, उलट फळीकडे सरकतो आणि ओढही कमी होते.

खुंटी भोकात घट्ट बसावी म्हणून तिच्या मागच्या टोकाला करवतीने चीर पाडून त्यात पाचर ठोकतात. फळीचे रेषे आडवे असतात, म्हणून चीर उभीच हवी. आडव्या चिरेतली पाचर फळीलाच रेषांतून फोडते.

आता इथल्या हवेबद्दल. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, पण जाडीत आटतं. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात आणि मे महिना तापलेला, पारा चाळिशीपार. सप्टेंबरात घट्ट ठोकलेली खुंटी मे महिन्यात बोटाने फिरते. खुंट्या उन्हाळ्यातच कराव्यात, त्याआधी त्यांचं लाकूड महिनाभर पत्र्याच्या खोलीत वाळू द्यावं. 'खुंटा हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार जमिनीतल्या खुंट्याला लागू आहे, फळीतल्या खुंटीला नाही. खुंटी जितकी हलवाल तितकं भोक मोठं होतं.

भिंतीचंही पाहायला हवं. जुन्या वाड्यांत खुंट्या भिंत बांधतानाच दगडांत पक्क्या करत. तिथे आज पट्टी लावायची तर मातीच्या सांध्यात गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो तुकडा) धरत नाही. भोक दगडात घ्यावं, नाही तर पट्टी दाराच्या चौकटीजवळच्या लाकडावर मारावी. विटांच्या भिंतीत गिट्टी प्लास्टरमध्येच संपली तर उपयोग नाही, ती विटेत शिरली पाहिजे. एक इंचाची फळी आणि अर्ध्या इंचाहून थोडं जास्त प्लास्टर धरलं, तर ७५ मिलिमीटरचा स्क्रू लागतो.

एकाच खोलीच्या घरात मी दोन्ही लावतो: मोकळ्या भिंतीवर चार खुंट्या, दारामागे हूक. दारामागे काय लावायचं हे ठरवण्याआधी दार पूर्ण उघडून पाहा आणि ते भिंतीपासून किती अंतरावर थांबतं ते मोजा. चार इंचांपेक्षा कमी जागा उरत असेल, तर तिथे हूकच.