ओपन सोर्ससाठी कंपनीची लेखी परवानगी: कोण मागू शकतं, अर्जात काय लिहायचं, कागद कोणते

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा हिशेब, साठा सांभाळणारं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) बसवताना आमच्या टीममधल्या एका मुलीला चलनाच्या पीडीएफवर मराठी जोडाक्षरं फुटलेली दिसली. दोन दिवस खपून तिने ती दुरुस्ती केली. ती फक्त आमच्याच सर्व्हरवर ठेवली असती, तर पुढच्या प्रत्येक अपडेटला पुन्हा बसवावी लागली असती. मूळ प्रकल्पाला दिली तर काम एकदाच, आणि मराठीत चलन छापणाऱ्या प्रत्येकाची सोय. पण पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारा, अशी प्रकल्पाला विनंती) पाठवण्याआधी तिने मला विचारलं, "दादा, हा कोड द्यायचा हक्क माझा की कंपनीचा?"

नाशिकच्या छोट्या कंपन्यांत या प्रश्नाला बहुतेक वेळा तोंडी उत्तर मिळतं: "टाक की, काय होतंय!" माझ्या आधीच्या एका नोकरीत मलाही असंच उत्तर मिळालं होतं. 'हो' म्हणणारे साहेब सहा महिन्यांनी नोकरी सोडून गेले. नव्या साहेबांनी हरकत घेतली आणि प्रकल्पाने माझा स्वीकारलेला कोड काढून टाकला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, एक पान का होईना, पण कागद करा.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. कलम १७(सी) नुसार नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात, कामाचा भाग म्हणून जे लिहिलं जातं, त्याची पहिली मालक कंपनी असते. वेगळा करार असेल तरच हे बदलतं. म्हणजे ऑफिसच्या कामातून निघालेली दुरुस्ती प्रकल्पाला देण्याचा हक्क आपला एकट्याचा नसतो. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, कामाशी संबंध नसलेलं काही लिहिलं तर ते सहसा आपलं असतं. तरीही नेमणूकपत्र उघडून बघाच, कारण काही पत्रांत 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही' असं सरसकट वाक्य असतं.

अर्ज कोण करू शकतं

कायम कर्मचारी, प्रोबेशनवरचे आणि शिकाऊ उमेदवार, सगळेच. फ्रीलान्सरची गोष्ट उलटी आहे. त्याच्याशी नोकरीचा करार नसतो, त्यामुळे कॉपीराइट मुळात त्याचाच असतो. मात्र त्याने तो करारात कंपनीला लिहून दिला असेल तर त्यालाही परवानगी लागते.

खरी अडचण ग्राहकाच्या कामात येते, आणि नाशिकमधल्या बऱ्याच कंपन्या ग्राहकांचंच काम करतात. मुंबई-पुण्याच्या किंवा परदेशी ग्राहकाच्या वर्क ऑर्डरमध्ये 'लिहिलेला सर्व कोड ग्राहकाचा' अशी अट असेल, तर आपले मालक 'हो' म्हणूनही उपयोग नाही. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ या परवान्याखाली (कोड वापरण्या-वाटण्याच्या अटींखाली) आहे, म्हणून ग्राहकाला दिलेला बदलही त्याच परवान्याखाली जातो. पण आपण नव्याने लिहिलेल्या ओळींचा मालक कोण, हे करारच ठरवतो. अशा वेळी ग्राहकाकडून ईमेलवर का होईना, स्पष्ट संमती घ्या. दुरुस्ती सर्वसाधारण स्वरूपाची आहे आणि त्यांच्या धंद्याची कुठलीही माहिती बाहेर जात नाही, हे समजावून सांगितलं की कारखानदार सहसा अडवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

अर्जात काय असावं

एक पान पुरे. प्रकल्पाचं नाव, त्याचा परवाना (एमआयटी, अपाची २.०, जीपीएल, जो असेल तो), आपण काय देणार, ते ऑफिसच्या वेळेत करणार की बाहेर, आणि कोड कुठल्या कामातून आला. सोबत नेमणूकपत्रातलं संबंधित पान, ग्राहकाचा कोड असेल तर त्याची संमती, आणि प्रकल्प कोड घेण्याआधी करार मागत असेल तर त्याचा नमुना जोडा. अपाची २.० असेल तर पेटंटचा मुद्दा अर्जात वेगळा लिहा. त्या परवान्यात योगदान देणारा आपल्या योगदानापुरता पेटंटचा हक्कही देतो, आणि मालकाला ते आधी माहीत असायला हवं.

दर दुरुस्तीला नवा अर्ज करायला लावू नका, ही कंपनीवाल्यांना माझी कळकळीची विनंती. ठरावीक प्रकल्पांसाठी एकच कायमची परवानगी द्या. नाहीतर दोन ओळींच्या बदलासाठी आठवडाभर सहीची वाट बघावी लागते आणि पोरं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

परवानगीपत्र

लेटरहेडवर, संचालकाची किंवा अधिकृत भागीदाराची सही हवी. टीम लीडचा व्हॉट्सॲप मेसेज चालणार नाही. कायद्यात कॉपीराइटचा परवाना किंवा हस्तांतरण लेखीच लागतं, आणि त्यात एक बारीक मेख आहे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ओपन सोर्सचा कोड जगभर जातो आणि वर्षानुवर्षं राहतो. म्हणून पत्रात 'जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द घालाच. पुढे परवानगी मागे घेतली तरी आधी दिलेल्या कोडला धक्का लागणार नाही, हेही लिहा. मसुदा एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

प्रकल्पाकडचे कागद

हे प्रकल्पाप्रमाणे बदलतं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) २००४ पासून डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे कोड कुठून आला याचं प्रमाणपत्र, चालतं. प्रत्येक कमिटखाली (कोडमधल्या बदलाच्या नोंदीखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी आपल्या नावाची ओळ. ती ओळ म्हणजे 'हा कोड देण्याचा मला हक्क आहे' असं जाहीर निवेदन आहे. परवानगीपत्राशिवाय ती लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, एवढ्या गांभीर्याने घ्या.

बरेच ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाची फाउंडेशनकडे दोन करार असतात, व्यक्तीचा आणि कंपनीचा. कंपनीच्या करारासोबत नेमलेल्या कर्मचाऱ्यांची यादी जोडतात. कंपनीने सही केली तरी प्रत्येकाला आपला वैयक्तिक करार भरावाच लागतो, आणि त्यात खरं नाव, पत्ता, देश, ईमेल लागतो. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसारख्या ग्नू प्रकल्पात साधारण १५ ओळींपेक्षा मोठ्या बदलाला कॉपीराइटच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहून द्यावा लागतो आणि मालकाकडून 'आमचा दावा नाही' असं पत्र मागतात.

कोड पाठवण्याआधी पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली), ग्राहकाचं नाव, जीएसटी क्रमांक कुठे राहिला नाही ना, हे कमिटच्या इतिहासासकट तपासा. ताज्या फाइलमधून पुसलं तरी इतिहासात ते राहतंच.

वेळ

परवानगी दिली पण वेळ दिला नाही, तर ते काम रात्री जागूनच होतं. आमचे बहुतेक ग्राहक सातपूर-अंबडचे कारखाने. त्यांना शनिवारी सुट्टी असते आणि फोन शांत असतो. म्हणून शनिवारी सकाळचे तीन तास आम्ही यासाठी ठेवले. टाइमशीटमध्ये त्याचा वेगळा कोड आहे, म्हणजे कुणाचे तास 'वाया' दिसत नाहीत. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्येही स्वीकारल्या गेलेल्या दुरुस्त्यांची एक ओळ घातली. त्या मुलीने यंदा ती ओळ भरली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

परवानगीपत्राची एक प्रत स्वतःकडे आणि एक एचआरकडे ठेवा. नोकरी सोडताना कमिटसाठी वापरलेला ऑफिसचा ईमेल बदला आणि अपाचीच्या करारासोबतच्या यादीत नाव असेल तर कंपनीला ते काढायला सांगा. यादी बदलल्याचं अपाचीला कळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. नव्या कंपनीत मात्र अर्ज पुन्हा पहिल्यापासून.