सव्वाशे व्होल्ट गेले कुठे?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये परवा प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेच्या ज्वाळेने पत्रा कापणारी मशीन, संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या सीएनसी टेबलाला जोडत होते. कटिंग सुरू असताना ऑपरेटरने जोडणीच्या वायरीला मल्टिमीटर लावला आणि ओरडला, "सायब, मशीन गेली वाटते. दोनच व्होल्ट येऊन राह्यले!" मशीनवरची लिंबू-मिरची तर सकाळीच बदललेली होती.

मशीन ठणठणीत होती. कापताना टॉर्चच्या, म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या तोंडाच्या, आतला इलेक्ट्रोड आणि पत्रा यांच्यात साधारण 100 ते 150 व्होल्ट असतात, आर्क, म्हणजे त्या दोघांमधली विजेची ज्वाळा, पेटण्याआधी तर 250-300 सुद्धा. एवढा दाब टेबलावर टॉर्च वर-खाली करणाऱ्या कंट्रोलरच्या नाजूक कार्डावर सोडला तर कार्ड जळेल. म्हणून मशीनमध्येच रेझिस्टरची साखळी बसवून पन्नासातला एक भाग बाहेर देतात. 120 व्होल्टचे होतात 2.4. ऑपरेटरला दिसले ते हेच.

पण टेबलाला व्होल्टेज हवंच कशाला? इथे खरी गंमत आहे. मे महिन्यातला पत्रा हात लावू देत नाही, तिथे हजारो अंशांच्या ज्वाळेखाली तो सपाट कसा राहील? कापता कापता फुगतो, वाकतो. टॉर्च मात्र त्याच्यापासून दीडेक मिलिमीटरवरच राहायला हवी. तिथे पट्टी कोण धरणार? पट्टीचं काम आर्कच करतो. प्लाझ्माचा वीजस्रोत करंट पक्का धरून ठेवतो, 45 म्हणजे 45 अँपिअर. टॉर्च वर गेली की आर्क लांबतो, लांब आर्कचा विरोध जास्त, आणि तोच करंट त्यातून ढकलायला व्होल्टेज वाढवावं लागतं. म्हणजे व्होल्टेज वाढलं की टॉर्च खाली घ्यायची, घटलं की वर. हे साधं ओहमच्या नियमाचं भावंड आहे. उंची सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या डब्यावर 'एआय' छापून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पट्टी फसतेही. कोपऱ्यावर टेबलाचा वेग कमी होतो, चीर रुंदावते, आर्कला कड गाठायला लांब जावं लागतं. व्होल्टेज वाढतं, कंट्रोलर समजतो टॉर्च उंच गेली, आणि ती पत्र्यात खुपसतो. म्हणून कोपऱ्यापुरती उंची गोठवून ठेवतात. इलेक्ट्रोडच्या टोकाचा हाफ्नियम धातू झिजून खळगा पडला की तसंच: उंची तीच, आर्क लांब, आकडा खोटा. नवा इलेक्ट्रोड बसवल्यावर जुना आकडा पुन्हा तपासायचा तो यासाठीच.

त्या शेडमधली गडबड वेगळीच निघाली. मशीन पन्नासावा भाग देत होती, कंट्रोलरवर विसावा लावलेला. 2.4 गुणिले 20, म्हणजे 48. कंट्रोलरच्या हिशेबाने टॉर्च पत्र्याला चिकटलेली! तो तिला वर वर नेत होता आणि आर्क तुटत होता. वीसच्या जागी पन्नास टाकले. कूलरच्या बॉडीचा पत्रा एका दमात कापला गेला.

"एवढंच होतं का बावा?" म्हणत ऑपरेटरने मल्टिमीटर खिशात टाकला.