नाकावरील त्वचारोपण

त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर नाकावर राहिलेली जखम शरीराच्या दुसऱ्या भागातील त्वचा लावून भरण्याची शस्त्रक्रिया. रुग्णालयात तिला सर्रास ‘ग्राफ्ट’ म्हणतात. सतत उन्हात असलेल्या नाकावर बेसल सेल कार्सिनोमा हा कर्करोग वरचेवर आढळतो. जखमेच्या कडा रोगमुक्त आहेत याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाल्यावरच त्वचा लावणे हिताचे. मागे राहिलेला रोग तिच्याआड नकळत वाढत राहतो.

नाकासाठी बहुधा पूर्ण जाडीची त्वचा घेतात. नेत्रतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी १८७५ मध्ये पापणी दुरुस्त करताना ती वापरली, त्यामुळे ‘वुल्फ ग्राफ्ट’ हे नाव रूढ झाले. मांडीवरून काढलेला पातळ पापुद्रा सहज जगतो, पण आक्रसतो आणि चकचकीत ठिगळासारखा दिसतो.

त्वचा कुठून घ्यायची, हाच खरा कौशल्याचा भाग. नाकाच्या वरच्या भागाची त्वचा पातळ व सैल असते. तिथे कानापुढची किंवा कानामागची त्वचा छान मिसळून जाते. शेंड्याची त्वचा मात्र जाड, तेलकट, ठळक रंध्रांची. तिथे कानामागची त्वचा खोलगट आणि वेगळ्या रंगाची दिसते, म्हणून कपाळाची किंवा नाकाशेजारच्या गालाची त्वचा बरी. नाकपुडीची कडाच गेली असेल, तर कानाच्या वरच्या कडेतून त्वचेसह कूर्चेचा (लवचिक, मऊ हाडाचा) तुकडा घेतात. तो साधारण एक ते दीड सेंटिमीटरपेक्षा मोठा असला तर जगणे अवघड.

काढलेली त्वचा उलटी धरून तिची पिवळी चरबी पांढरा थर दिसेपर्यंत कात्रीने खरडतात. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरते, मग खालच्या रक्तवाहिन्यांशी जोडली जाते. या काळात ती तसूभरही सरकता कामा नये, खाली रक्त साचता कामा नये. त्यासाठी वर बोळा ठेवून टाक्यांच्या दोऱ्यांनी आवळून बांधतात. पाच-सात दिवसांनी तो सोडल्यावर जांभळट त्वचा पाहून रुग्ण हबकतो. हा रंग बहुधा जुळणीच्या काळातलाच असतो, हे त्याला आधीच सांगायला हवे. वरची काळपट खपली निघाली, तरी खालचा थर अनेकदा जिवंत असतो.

आवरण गेलेल्या उघड्या कूर्चेवर किंवा हाडावर त्वचा धरत नाही. अशा वेळी आधी लाल मांसांकुर (जखम भरताना येणारा नवा मांसल थर) भरू देतात, नाहीतर स्वतःचा रक्तपुरवठा असलेला कपाळाच्या त्वचेचा पट्टा (फ्लॅप) वळवतात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि लावलेली त्वचा मरण्याचा धोका वाढतो.